नग्नरेखेतला भाव कोणाचा?



  नग्नरेखाटनाचा विषय थोडा अवघड आहे. सहकुटुंब जमलेल्या सभेत तो मांडावा की नाही, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर ती शंकाही आजच्या विवेचनाचाच एक भाग आहे असे मी समजतो. किंबहुना तिच्यापाशी आपल्याला शेवटी यावेच लागणार आहे.

एका अलीकडच्या प्रकरणापासून आरंभ करू. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर, म्हणजे आपल्या या मालाड उपनगरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, सीमाशुल्क खात्याच्या अंमलदारांनी सात कलाकृती अडकवून ठेवल्या. त्यांपैकी चार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची रेखाचित्रे होती आणि तीन कृती अकबर पदमसी यांच्या होत्या. एक रेखाचित्र व दोन छायाचित्रे. विलायतेतील लिलावांतून त्या रीतसर विकत घेतलेल्या होत्या. तथापि त्या अश्लील आहेत असा निष्कर्ष काढून खात्याने जुलै २०२४ मध्ये जप्तीचा हुकूम काढला आणि वर ५०,००० रुपयांचा दंडही ठोठावला. मामला उच्च न्यायालयात गेला, आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, चित्र नग्न आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही असे स्पष्ट बजावून, तो हुकूम रद्द केला व कलाकृती मोकळ्या करण्यास फर्मावले.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे निकालात निघाले. रसिकाच्या दृष्टीने मात्र ते तेथून सुरू होते. एकाच कागदावरच्या त्याच रेषांत एका अंमलदाराला कामवासना दिसते, एखाद्या समीक्षकाला वेदना दिसते, तिसऱ्याला भक्ती दिसते आणि चौथ्याला काहीच दिसत नाही. मग चित्रात भाव आहे असे जे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, तो भाव आहे तरी कोणाचा? अंगावरचे वस्त्र उतरवून समोर उभ्या राहिलेल्या मॉडेलचा? चित्र काढणाऱ्याचा? कागदावर उमटलेल्या रेषेचा? की पाहणाऱ्या आपला? मिळकत एक आणि दावेदार चार, असा हा दावा आहे. या चौघांची कैफियत एकामागून एक ऐकावी आणि मग निवाडा करावा, असा माझा विचार आहे.

पहिली दावेदार मॉडेल.

मुंबईची कलाशाळा, म्हणजेच सर ज. जी. कला महाविद्यालय, १८५७ साली स्थापन झाली. परंतु तेथे जिवंत नग्न देहावरून रेखाटन करण्याचा वर्ग, ज्याला कलाशाळेच्या बोलीत 'लाइफ क्लास' म्हणतात, तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ साली सुरू केला. तोपर्यंत ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून विद्यार्थी हात बसवीत. मधल्या काळात बंगालमध्ये चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूरांनी भारतीय शरीररचनेवर निबंध लिहून असा पक्ष मांडला होता की आपल्या मूर्तिकारांनी देह घडवला तो मांसपेशी मोजून नव्हे. धड गोमुखासारखे, मांडी केळीच्या खांबासारखी, अशा उपमानांच्या आधाराने घडवला. सॉलोमनसाहेबांना हे मान्य नव्हते. जिवंत देह समोर ठेवल्यावाचून रेषेला सत्य गवसत नाही, हा त्यांचा आग्रह, आणि मुंबई व कलकत्ता यांच्यातील तो वाद पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला. त्या वादाच्या तपशिलात आज शिरायला नको. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच की, १९१९ नंतर मुंबईच्या चित्रकाराच्या समोर एक खरीखुरी व्यक्ती उभी राहिली.

उभी राहिली म्हणजे अक्षरशः उभी राहिली. लाइफ क्लासमध्ये मॉडेल एका चौथऱ्यावर पोझ घेते. विश्रांतीनंतर तीच पोझ पुन्हा घेता यावी म्हणून तिच्या पावलांभोवती खडूने खुणा करून ठेवतात. पहिली काही मिनिटे चेहऱ्यावर संकोच असतो, औत्सुक्य असते, क्वचित विनोदही असतो. पुढे पायात मुंग्या येऊ लागतात, कंबर भरून येते, आणि चेहरा हळूहळू रिकामा होत जातो. हा रिकामा चेहरा पाहून विद्यार्थी प्रामाणिकपणे औदासीन्य रेखाटतो, आणि पन्नास वर्षांनंतर आपण ते चित्र पाहून त्या स्त्रीच्या आयुष्यातील शोकांतिकेविषयी बोलू लागतो! वस्तुतः तिला त्या क्षणी हवी होती ती पाच मिनिटांची विश्रांती. तिच्या आयुष्यात दुःख नसेल असे मी म्हणत नाही. पण त्या दुःखाचा पुरावा म्हणून पोझमधला थकवा आपण सादर करू नये.

याच थकव्याला प्रामाणिकपणे विषय करणारे चित्र मात्र आपल्याकडे आहे. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकत होत्या तेव्हा, १९३३ साली, त्यांनी एक विवस्त्र स्त्री रंगवली आणि चित्राला नाव दिले 'प्रोफेशनल मॉडेल'. छाती उतरलेली, खांदे ओघळलेले, देह झिजलेला. त्या स्त्रीला कोणतीही देवता किंवा अप्सरा न करता तिच्या व्यवसायाचेच नाव चित्राला देणे, यात विशीतल्या त्या चित्रकर्तीची दृष्टी दिसते. मॉडेल ही श्रम करणारी बाई आहे, हे तिने नोंदवून ठेवले. मराठीत हीच नोंद व्हायला फार काळ जावा लागला. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या स्त्रीवर रवी जाधव यांनी 'न्यूड' हा चित्रपट केला. २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून तो ऐनवेळी वगळला गेला आणि २०१८ साली प्रेक्षकांपुढे आला. शंभर वर्षे जिच्या देहावर आपली कलाशाळा शिकली, तिच्याकडे मराठी समाजाने तेव्हा कोठे थोडे मोकळेपणाने पाहिले.

येथे मालाडकरांसमोर एक विषयांतर केले तर आपण मला क्षमा कराल. १९३४ साली हिमांशु राय यांनी बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था स्थापन केली आणि तिचा स्टुडिओ आपल्या या मालाडात उभा राहिला. तेथे दिग्दर्शक फ्रांत्स ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे दोघे जर्मन गृहस्थ काम करीत. विर्शिंग यांनी अभिनेत्री देविकाराणींच्या मुखावर जो प्रकाश पाडला त्याने आपल्या दोन पिढ्यांना एक सवय लावली: भाव चेहऱ्यावर शोधायचा. डोळ्यांत पाणी म्हणजे दुःख, ओठांवर स्मित म्हणजे सुख. ती सवय चित्रपटाला शोभते. पण नग्नरेखाटनापुढे ती घेऊन गेलो की आपण फसतो. कारण तेथे चेहरा पुष्कळदा वळलेला असतो, झाकलेला असतो, कधी कधी तर काढलेलाच नसतो. मग भाव कोठे पाहावा? संध्याकाळी मालाड स्थानकाच्या पुलावरून उतरणाऱ्या एखाद्या गृहिणीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहा. पिशवीचा भार कोणत्या खांद्यावर आहे, शरीराचे वजन कोणत्या पायावर पडले आहे, मान किती कलली आहे, एवढ्यावरून तिचा सारा दिवस आपल्याला कळतो, आणि तिचे तोंडदेखील आपण पाहिलेले नसते. नग्नरेखाटनही असेच वाचावे लागते: आधी भार, मग कल, मग ताण.

दुसरा दावेदार चित्रकार, आणि हा दावेदार मोठा वाचाळ आहे.

१८८२ साली हेग शहरात व्हिन्सेंट व्हॅन गॉगने एक रेखाचित्र काढले. सीन नावाची स्त्री, गर्भवती, परित्यक्ता, देहविक्रयाच्या आयुष्यातून आलेली, विवस्त्र बसली आहे. गुडघ्यांवर हात टेकून तिने तोंड त्यांत खुपसले आहे. चित्राला नाव दिले 'सॉरो', अर्थात दुःख, आणि खाली मिशले या फ्रेंच लेखकाचे एकाकी स्त्रीविषयीचे एक वाक्यही लिहून टाकले. आधुनिक कलेच्या उषःकालातले हे रेखाचित्र थोर आहे यात संशय नाही. पण मी आपल्याला विचारतो: ते नाव पुसले, ते वाक्य झाकले, सीनचे चरित्र आपल्याला ठाऊकच नसले, तर आपण या आकृतीला दुःख म्हणू काय? निद्रा म्हणू, थकवा म्हणू, प्रार्थनाही म्हणू. आता पुन्हा त्या पाठीकडे पाहा. तो कणा वाकला आहे तो झोपेच्या सैलपणाने वाकलेला नाही. त्या रेषेत एक कडकपणा आहे, कोपरांशी एक टोक आहे, पोटाच्या वजनाला तोलून धरण्याचा यत्न आहे. दुःख तेथे आहे. ते शीर्षकाने आणलेले नसून शीर्षकाने फक्त त्याला हाक मारली आहे. चित्रकाराचा दावा तेवढ्याच मर्यादेत मान्य करावा, जेवढा तो रेषेत उतरला आहे.

हाच नियम सूझांना लावून पाहू. १९२४ साली गोव्यातील साळगावात जन्म. वडील मूल तीन महिन्यांचे असतानाच गेले. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवणारी. बालपणी देवीचा आजार, आणि त्यातून मूल वाचले म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने केलेले नामकरण. पुढे कलाशाळेत प्रवेश, १९४५ साली तेथून हकालपट्टी, १९४७ साली रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना. १९४९ साली मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी स्वतःचेच नग्न व्यक्तिचित्र टांगले. ते उतरवावे लागले, घरावर पोलिसांची धाड आली, आणि त्याच वर्षी सूझा लंडनला निघून गेले. असे चरित्र हाती असले म्हणजे समीक्षकाचे काम फार सोपे होते. प्रत्येक नग्नचित्रात गोव्याच्या चर्चमधली पापभावना, प्रत्येक स्त्रीदेहात आई, प्रत्येक पुरुषदेहात बंडखोर! हे सारे खोटे आहे असे नाही. पण ते चित्र न पाहताही सांगता येते, आणि जे चित्र न पाहता सांगता येते त्याला चित्राचा भाव कसे म्हणावे?

म्हणून आता तिसऱ्या दावेदाराला, रेषेला, उभे करू. ही फार कमी बोलते. पण खोटी साक्ष देत नाही.

सूझांची रेषा कशी आहे? ती जाड आहे, काळी आहे, ती देहाला कुरवाळत नाही, त्याला कोंडते. कडा एकदाच आखून तिला समाधान नसते; आतल्या बाजूला आखूड, उभ्याआडव्या छेदरेषांची जाळी पसरते आणि कातडीवर ओरखडे उठल्यासारखे वाटतात. डोळे कपाळाच्या जागी चढलेले, देह समोरासमोर ठाकलेला, कोठेही वळण घेऊन लपण्याची सोय नाही. स्तन, नितंब, जांघा यांचे आकार मथुरेच्या यक्षींइतके भरघोस. आणि तरीही त्या आकारांवर मथुरेची प्रसन्नता नाही. भरघोस आकार आणि कोंडणारी कडा, यांच्यातील हा विरोध हाच सूझांच्या रेखाटनातील भाव आहे. ओढ आणि भय एकाच रेषेत आहेत. साळगावचे चर्च ज्याला ठाऊक नाही अशा प्रेक्षकालाही ते जाणवेल.

उलटपक्षी पदमसी. वयाने सूझांहून चार वर्षांनी लहान, संस्कृताचा व्यासंग असलेला, स्वभावाने विश्लेषक असा हा चित्रकार. १९५४ साली, जहांगीर कलादालन उघडून दोनच वर्षे झाली होती तेव्हा, तेथील त्यांच्या प्रदर्शनात 'लव्हर्स' या नावाची दोन चित्रे होती: विवस्त्र स्त्रीपुरुष शेजारी उभे, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलिसांनी चित्रे उतरवण्यास सांगितले. पदमसींनी नकार दिला. भारतीय दंडसंहितेच्या अश्लीलतेविषयीच्या २९२ कलमाखाली खटला झाला. मुल्कराज आनंद, रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या जाणकारांनी चित्रकाराच्या बाजूने साक्षी दिल्या, पदमसी निर्दोष सुटले आणि सरकारने वर केलेले अपीलही फेटाळले गेले. आपण त्या हाताकडे पाहू. तो पकडत नाही, ओढत नाही. तो ठेवलेला आहे. दोन्ही आकृती ताठ, समोर पाहणाऱ्या, एखाद्या गाभाऱ्यातील मूर्तींसारख्या अचल. उमामहेश्वराच्या शिल्पांत शतकानुशतके आढळणारी ही मुद्रा आहे. अंगांची जी नावे पंचनाम्यात येतील ती सूझा आणि पदमसी या दोघांच्याही चित्रांत सारखीच. सूझांच्या रेषेत संघर्ष, पदमसींच्या रेषेत स्थैर्य. आता सांगा, देहाच्या अवयवांची यादी करून ज्याला या दोहोंतला भेद कळत नाही, त्याला भावाचा निर्णय कसा करता येणार?

आपले कवी आणि समीक्षक बा. सी. मर्ढेकर या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाहीत. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमघटकांच्या रचनेत, संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत असते, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादन केले. मी आत्ता सूझांच्या चित्रात जो विरोध आणि पदमसींच्या चित्रात जो समतोल दाखवला, ती मर्ढेकरांचीच शिकवण आहे. तथापि एका ठिकाणी मी त्यांच्यापासून नम्रपणे अलग होतो. चित्राचा विषय सौंदर्यदृष्ट्या गैरलागू आहे, ही त्यांची भूमिका नग्नरेखाटनाच्या बाबतीत टिकत नाही. घड्याच्या कडेची वाकडी रेषा आणि पाठीच्या कण्याची वाकडी रेषा भूमितीने एकच असेल. पण दुसरी पाहताना आपला कणा तिला उत्तर देतो. पाहणाराही देहधारीच आहे. नग्नचित्राची शक्ती आणि नग्नचित्राचे संकट, दोन्हींचे मूळ येथेच आहे.

आणि म्हणून चौथा दावेदार: आपण.

कायद्याने आजवर बहुतेक या एकाच दावेदाराची दखल घेतली. १८६८ सालच्या इंग्लंडातील हिकलिन खटल्यापासून अश्लीलतेची कसोटी अशी की, दुर्बल मनाच्या वाचकावर वा प्रेक्षकावर वस्तूचा काय परिणाम होईल. महाराष्ट्राने या कसोटीचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रे असत; त्या मासिकातील मजकुरावर खटले झाले, १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. स्वतः मर्ढेकरांवर त्यांच्या कवितांसाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला व ते सुटले. सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी बाजूला सारली ती २०१४ साली. आणि त्यानंतरही, दहा वर्षांनी, विमानतळावरील जप्तीचा हुकूम निघालाच! कसोटी कागदावरून गेली. मनातून गेली नाही.

या मनाविषयी रसमीमांसक अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. रसास्वादाची सात विघ्ने त्याने सांगितली. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन जाणे. प्रेक्षक नाटकाला आला खरा. पण घरचे भांडण, स्वतःची आस, स्वतःची लाज बरोबर घेऊन आला, तर रंगभूमीवरचा शोक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो स्वतःचाच शोक करीत बसतो. नग्नचित्रापुढे हे विघ्न जितके प्रबळ तितके अन्यत्र कोठेही नाही. ज्याला वासना झाली तो म्हणतो चित्र वासनामय आहे. ज्याला लाज वाटली तो म्हणतो चित्र निर्लज्ज आहे. आणि जो स्वतःला फार सुसंस्कृत समजतो तो, काहीच न वाटल्याचा आव आणून, चित्र शुद्ध आकारमय आहे असे जाहीर करतो. तिघांनीही स्वतःचेच वर्णन केले. चित्र अजून पाहायचे राहिलेच आहे.

येथे एक सोयीचा युक्तिवाद नेहमी पुढे येतो, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. आपल्या प्राचीन शिल्पांत नग्नता आहे, मग आधुनिक चित्रांवर आक्षेप कशाला, असे म्हटले जाते. बोरिवलीच्या अरण्यातली कान्हेरीची लेणी आपल्या शेजारीच आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दात्यांची भव्य युगुले कोरलेली आहेत, जाऊन पाहा. वस्त्रे तलम, अलंकार जड, देह भरदार, आणि मुखावर कसलाही संकोच नाही. कारण त्या देहांना आपण उघडे आहोत याची वार्ताच नाही. आधुनिक चित्रकाराच्या नग्नव्यक्तीला ती आहे. तिने वस्त्र उतरवले आहे, ते कोठेतरी खुर्चीवर पडले आहे, थोड्या वेळाने ती ते पुन्हा नेसणार आहे. ही जाणीव, हा संकोच, हे धाडस, हा एकटेपणा, आधुनिक नग्नरेखाटनाचा खास भाव या जाणिवेतून जन्मतो. तेव्हा सूझांचा बचाव कान्हेरीच्या दाखल्याने करणे म्हणजे सूझांमध्ये जे नवे आहे तेच नाकारणे होय. परंपरेचा आधार वकिलाला पुरतो. रसिकाला पुरू नये.

आता निवाडा. चौघांचेही दावे ऐकल्यानंतर मला असे दिसते की, मॉडेलचा देह, चित्रकाराचे चरित्र आणि पाहणाऱ्याचे मन, या तिन्ही गोष्टी चित्रात येतात, परंतु येतात त्या रेषेच्याच वाटेने. जे रेषेत उतरले ते चित्राचे; जे उतरले नाही ते इतिहासाचे, अफवेचे किंवा आपल्या स्वतःच्या घरचे. म्हणून पाहण्याचा क्रम मी असा सुचवतो. प्रथम देहाचा भार कोठे पडला आहे ते पाहावे. त्यात मॉडेलला तिच्या श्रमाचा न्याय मिळतो. नंतर रेषा कोठे दाबली, कोठे सैल सोडली, कोठे अडखळली ते पाहावे. त्यात चित्रकाराची खरी जबानी असते. मग हवे तर त्याचे चरित्र वाचावे. आणि सर्वांत शेवटी, आपल्याला काय वाटले, लाज वाटली की ओढ वाटली की करुणा वाटली, ते स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे. आपल्याला वाटलेले क्षुद्र नाही. पण ते आरंभी सांगितले की फिर्याद होते, शेवटी सांगितले की रसग्रहण होते.

सभेच्या आरंभी ज्या शंकेचा मी उल्लेख केला, ती बाळगणाऱ्यांना माझी एवढीच विनंती की त्यांनी ती सोडून देऊ नये. ती घेऊनच एखाद्या रविवारी काळ्या घोड्याजवळच्या कलादालनांत जावे, सोबत कलाशाळेत शिकणारी मुलगी वा मुलगा असेल तर उत्तमच, आणि एका नग्नरेखाटनापुढे दहा मिनिटे उभे राहावे. न्यायालयाने सात कलाकृती जप्तीतून सोडवल्या, हे त्याचे कर्तव्य होते आणि ते त्याने चोख बजावले. त्या कृती कशा पाहाव्यात हे मात्र कोणतेही न्यायालय हुकमाने शिकवू शकत नाही, आणि शिकवू लागले तर आपण ते शिकूही नये. ते काम कलाशाळेचे आहे, समीक्षकाचे आहे, आणि त्याहून अधिक आपले, प्रेक्षकांचे आहे.